‘उत्तर येत नाही’ असं लिहायला शिकवणारे म्हात्रे सर

श्री. हरिश्चंद्र म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट अकरा वर्षांपूर्वी मानपाड्याला, त्यांच्या दोन खोल्यांच्या कचेरीत झाली. मी नोकरी मागायला गेले होते. मुलगा झाल्यानंतर सहा वर्षं मी घरी होते आणि आदल्याच आठवड्यात दोन कंपन्यांनी ‘मधल्या काळात तुम्ही काय करत होतात?’ असं विचारून मला परत पाठवलं होतं. सरांनी तो प्रश्न विचारला नाही. त्यांनी टेबलावर एक वजनकाटा आणून ठेवला, शेजारी संगणक आणि एक केबल ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, या काट्यावर जे वजन दिसतंय ते संगणकावर दिसलं पाहिजे. घाई नाही. मी पलीकडे बसलोय.”

तासभर मी खटपट केली. संगणकाकडून काट्याला प्रश्न जात होता, पण काटा काही बोलत नव्हता. सगळं दोनदा तपासून झालं. शेवटी मी केबलच काढून उलटसुलट बघितली आणि पलीकडे जाऊन सांगितलं, “सर, मला वाटतं केबल चुकीची आहे. पाठवायची तार पाठवायच्या तारेलाच जोडली गेलीय. दुसरी मिळेल का?”

सर उठले, खणातून दुसरी केबल काढली आणि माझ्या हातात दिली. पाच मिनिटांत वजन पडद्यावर आलं. “कॉम्प्युटरची माणसं सहसा केबलकडे बघत नाहीत,” ते म्हणाले. “सोमवारपासून येता?”

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या उद्योगाबद्दल, उद्योजकांच्या संघटनेतल्या कामाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली एक प्रोग्रामर आहे. त्यामुळे मी आमच्या कामाबद्दल लिहिणार आहे, आणि त्यातही मुख्यतः माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. सर काय आहेत हे मला त्या चुकीच्या दिवसांत कळलं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला समजायला तसं सोपं आहे. कारखान्यात तापमान सांभाळणारी, वजन करणारी, पाणी सोडणारी यंत्रं असतात. त्यांच्या पाठीमागे सिरियल पोर्ट नावाची एक साधी जोडणी असते. तिथून केबल संगणकापर्यंत आणायची. मग आमचा प्रोग्राम दर सेकंदाला यंत्राला विचारतो, ‘आता किती?’ यंत्र आकडा सांगतं आणि तो पडद्यावर दिसतो. पडद्यावरचं बटण दाबलं की यंत्राला हुकूम जातो. यंत्र आपणहून काही बोलत नाही, विचारलं तरच सांगतं. तार एकच असल्यामुळे एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीत किती ठिकाणी घसरता येतं, हे सरांनी तीस वर्षं बघितलेलं आहे.

सर मूळचे इथलेच, मानपाड्याजवळच्या आगरी वस्तीतले. घरची भातशेती औद्योगिक वसाहतीत गेली. शिक्षण झाल्यावर पुण्याला जाण्याची संधी त्यांना होती, ते गेले नाहीत. यावर कोणी विचारलं की हसून सांगतात, “इथल्या कारखान्यांचा वास माझ्याच घरात येतो. त्यांची कामं नीट करण्यात माझा स्वार्थ आहे.” घरी त्यांच्या मातोश्री आहेत, वय नव्वदीला टेकलेलं. एका गणपतीत मी दर्शनाला गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, “याला बारीकपनापासनं एकच खोड गो बाय. येकदा सांगितलेलं परत इचारायचा.” सर शेजारीच उभे होते. म्हणाले, “आई, आता त्यावरच पोट भरतोय.”

तर ती चूक. मी कामाला लागून दीड वर्ष झालं होतं. वसाहतीतल्या एका कारखान्यात रंगासाठी लागणारं राळेसारखं रसायन तयार होत असे. मोठ्या बंद भांड्यात माल शिजतो, ठराविक अंशांच्या वर गेला की स्वतःच अधिक तापायला लागतो, म्हणून भांड्याभोवती गार पाणी खेळवावं लागतं. तापमान दाखवणारा आणि पाण्याची झडप उघडणारा नियंत्रक, म्हणजे आमच्या भाषेत यंत्र, भांड्याजवळ होता, आणि आमचा प्रोग्राम खालच्या खोलीत. त्याच्यासमोर घाग काका बसत. रमाकांत घाग, मूळ चिपळूणकडचे, वीस वर्षांचे अनुभवी ऑपरेटर.

हा प्रोग्राम बनवण्याआधी सर पूर्ण एक पाळी घाग काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आणि मलाही बसवलं होतं. पडद्यावरच्या सगळ्या सूचना मराठीत हव्यात हे तिथेच ठरलं. कारखान्याचे मॅनेजर म्हणाले होते, “म्हात्रे, इंग्लिशमध्येच ठेवा ना. बाहेरचे लोक बघायला आले तर बरं दिसतं.” सर म्हणाले, “बाहेरचे लोक दहा मिनिटं बघतील. काका आठ तास बघणार.”

प्रोग्राम चालू झाला आणि आठवड्याभरात तक्रार आली. नियंत्रक कधीकधी उत्तर द्यायला वेळ लावायचा, तेवढा वेळ आमची खिडकी गोठून जायची. बटण दाबलं तरी दबत नसे. माझ्या रचनेत यंत्राला विचारणं आणि पडदा रंगवणं ही दोन्ही कामं एकापाठोपाठ एकाच रांगेत होती. पहिलं अडलं की दुसरं अडायचं. योग्य उपाय म्हणजे दोन्ही कामं वेगळी करणं. त्याला चार दिवस लागले असते. मी दुपारभरात एक पळवाट काढली. उत्तर लगेच आलं नाही तर थांबायचं नाही, आधीचाच आकडा तसाच ठेवून पुढे जायचं. खिडकी एकदम सुळसुळीत चालायला लागली. मॅनेजरांचा फोन आला, छान झालंय म्हणून. सरांनी माझा बदल वरवर चाळला आणि तेही म्हणाले, “छान.” तोच प्रोग्राम आम्ही पुढे आणखी सात ठिकाणी दिला.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी घाग काकांचा फोन आला. एरवी ते फोन करत नसत. “मॅडम, जरा येऊन जा. सर असले तर त्यांनापण आणा.” आवाज शांत होता, पण मला तो शांतपणा बरा वाटला नाही. कारखाना दहा मिनिटांवर होता. सर आणि मी चालतच गेलो.

काका खालच्या खोलीत उभे होते. शर्ट घामाने भिजलेला. त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण ते मला अजून तसंच्या तसं आठवतं.

“मॅडम, तुमचा आकडा चौसष्टवर बसलेला. एरवी तो कसा, जरा खाली जरा वर हलत असतो. मी चहा प्यायला, परत येऊन बघितलं तर चौसष्ट. रजिस्टर भरलं, परत चौसष्ट. म्हटलं, इतका वेळ कुठला आकडा एका जागी बसतो? पाण्याचं बटण दाबलं, तर ते झालं हिरवं. म्हणजे पाणी चालू. पण पाईपात आवाज नाही. मग मी जिना चढून वर गेलो. भांड्यावरचा काटा एक्याण्णव दाखवत होता.”

काकांनी झडपेचं चाक हाताने फिरवून पाणी सोडलं होतं आणि दोन माणसांना तिथून लांब पाठवून स्वतः काटा उतरेपर्यंत उभे राहिले होते. कोणाला काही झालं नाही. माल वाया गेला. सर संगणकाच्या मागे वाकले आणि केबल हातात घेऊन उभे राहिले. सकाळी साफसफाई करताना कोणाचा तरी धक्का लागून ती निघाली होती. म्हणजे सकाळपासून यंत्र काही बोलतच नव्हतं, आणि माझा प्रोग्राम ठरल्याप्रमाणे जुना आकडा ताज्यासारखा दाखवत होता. बटणाचंही तेच. हुकूम दिला की ते लगेच हिरवं व्हायचं. तो पोचला का, झडप खरोखर उघडली का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मॅनेजर आले. ते भले गृहस्थ होते, वरच्या लोकांना काय सांगायचं याची त्यांना काळजी असणार. त्यांनी केबल बघितली आणि त्यांना जरा हायसं वाटलं.

“अहो म्हात्रे, ही आमच्याच माणसाने ओढली. तुमचा काही दोष नाही यात. मी रिपोर्टात तसंच लिहितो.”

त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हे मी इथे लपवत नाही. खोलीत चौघंच होतो. सर गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता.

सर म्हणाले, “नाही साहेब. केबल निघणारच. कधी धक्का लागून निघेल, कधी उंदीर कुरतडेल. ती निघाल्याचं पडद्याने सांगायला पाहिजे होतं. पडदा खोटं बोलला. ती चूक आमची आहे, तसंच लिहा.”

“अहो, पण तुमचं नाव…”

“काका जिना चढून गेले म्हणून आपण इथे उभं राहून बोलतोय,” सर म्हणाले. मग ते काकांकडे वळले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “घाग काका, माफ करा. तुमच्या जिवावर बेतलं होतं.” काका नुसतेच “असू दे, असू दे” म्हणत राहिले.

कचेरीत आल्यावर मी सरळ माझ्या टेबलाशी बसले आणि राजीनाम्याचं पत्र लिहिलं. ते घेऊन मी त्यांच्यासमोर गेले. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

“हे तुम्ही केव्हाही देऊ शकता. पण आत्ता हाच प्रोग्राम आणखी सात ठिकाणी चालू आहे. आधी त्या सगळ्यांना फोन करायचेत. फोन मी करतो. दुरुस्ती तुम्ही करायची, आणि प्रत्येक ठिकाणी तुम्हीच जायचं. मी बरोबर येईन.”

मग ते खुर्चीत नीट बसले आणि त्यांनी एकामागून एक सात फोन केले. प्रत्येक वेळी तीच वाक्यं, आवाज तसाच. ‘आमच्या प्रोग्राममध्ये चूक सापडली आहे. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आम्ही येऊन दुरुस्त करेपर्यंत यंत्रावरचा आकडा बघा.’ कोणी रागावलं, कोणी पुन्हा पुन्हा विचारलं. ठाण्याच्या एका इंजिनियरांचा आवाज मला टेबलापलीकडूनही ऐकू येत होता. “अहो म्हात्रे, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंपण नसतं.” सर म्हणाले, “म्हणून तर सांगतोय.”

आमच्या कचेरीत एक जाड वही आहे. झालेली प्रत्येक चूक तिच्यात लिहायची, काय झालं, का झालं, काय बदललं. चूक करणाऱ्याचं नाव लिहायचं नाही असा सरांचा नियम. फोन संपल्यावर त्यांनी ती वही काढली आणि त्या दिवशीची नोंद स्वतःच्या हाताने केली. मी नंतर ती वाचली. माझं नाव कुठेच नव्हतं. शेवटची ओळ होती, ‘तपासणी ह. म्हात्रे यांनी केली होती. नीट केली नाही.’ त्या वहीत नाव घालून लिहिलेली ती एकमेव नोंद आहे.

पुढचे चार दिवस मी जे काम आधीच करायला हवं होतं ते केलं. यंत्राला विचारणारा भाग वेगळा केला, पडदा रंगवणारा वेगळा, म्हणजे एक अडला तरी दुसरा मोकळा. प्रत्येक आकड्यासोबत तो केव्हा आला ती वेळ ठेवली. लागोपाठ तीन वेळा उत्तर आलं नाही तर आकडा पडद्यावरून पुसून टाकायचा आणि त्या जागी मोठ्या लाल अक्षरांत लिहायचं, ‘उत्तर येत नाही’. बटण दाबल्यावर ते आधी पिवळं होईल. झडप उघडल्याचं यंत्राने स्वतः सांगितलं तरच हिरवं. आणि नियंत्रकातच अशी सोय केली की संगणकाकडून दहा सेकंद काही विचारणा झाली नाही तर त्याने आपणहून पाणी सोडावं.

लाल अक्षरांबद्दल मी सरांना विचारलं होतं, “सर, शेवटचा आकडा फिकट रंगात ठेवला तर? अगदीच रिकामं दिसेल.”

“आपल्याला माहीत नसेल तर माहीत नाही असंच दिसलं पाहिजे,” ते म्हणाले. “फिकट आकडापण माणूस वाचतो.”

मग आम्ही आठही ठिकाणी गेलो. सर्वांत लांबची जागा शहापूरच्या पुढे होती, तिथे खोपटच्या डेपोतून एसटीने गेलो. प्रत्येक ठिकाणी सरांची एकच पद्धत होती. दुरुस्त केलेला प्रोग्राम चालू करायचा, तिथल्या ऑपरेटरला बोलवायचं आणि सांगायचं, “मागची केबल ओढून काढा.” माणसं बिचकायची. शहापूरचे ऑपरेटर म्हणाले, “साहेब, मोडलं तर?” सर म्हणाले, “मोडलं तर आमचं. ओढा तुम्ही.” त्यांनी ओढली. तीन सेकंदांनी आकडा गेला आणि लाल अक्षरं आली. त्यांनी केबल पुन्हा लावली, आकडा परत आला. मग कोणी न सांगता त्यांनी ती आणखी दोनदा काढून लावून बघितली. सर मागे उभे राहून समाधानाने बघत होते. शेवटी घाग काकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी केबल तर काढलीच, वर झडपेची तारही काढली आणि बटण दाबलं. ते पिवळंच राहिलं. काका म्हणाले, “आता ठीक आहे.”

आठांपैकी एका कंपनीने आमचा प्रोग्राम काढून टाकला आणि ती परत कधी आली नाही. सरांनी त्याबद्दल एकदाही तक्रारीचा सूर काढला नाही. त्यांना त्यांचा निर्णय घ्यायचा हक्क आहे, एवढंच म्हणाले. राजीनाम्याचं ते पत्र माझ्या पर्समध्ये बरेच दिवस होतं. मी ते दिलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे एक रीत पडली. कोणताही नवा प्रोग्राम बाहेर जाण्याआधी खरा ऑपरेटर एक दिवस कचेरीत येऊन तो वापरून बघतो, आणि तो मोडून दाखवला तर त्याचं कौतुक होतं. पहिले आले ते अर्थात घाग काका. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात दोन बटणं एकदम दाबून माझं काम अडवलं. सरांनी त्यांना स्वतः चहा करून दिला.

सरांबद्दल लिहिताना त्यांचे फक्त गुण सांगितले तर त्यांनाच ते आवडणार नाही. ते दोन बोटांनी टंकलेखन करतात आणि शेजारी बसणाऱ्याचा अंत बघतात. जेवणाची वेळ पाळत नाहीत. जुने संगणक फेकू देत नाहीत. आमच्या कचेरीच्या माळ्यावर त्यांची रास आहे. पण माझ्या मुलाच्या शाळेची वेळ बदलली तेव्हा मी न मागता त्यांनी सकाळची बैठक दुपारी नेली, आणि बैठक का हलवली हे कोणाला सांगितलं नाही. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन ठाण्याला झालं, तेव्हा सरांच्या पत्नी सौ. मंदाताई रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. मी आभार मानायला गेले तर सर म्हणाले, “त्या जाईचं काम कसं चाललंय?” जाई ही आमच्याकडे तेव्हा नुकतीच लागलेली इंजिनियर. आभाराचा विषय त्यांनी तिथेच बंद केला.

आज सरांच्या हाताखालून गेलेली आम्ही पंधरा-वीस माणसं वेगवेगळ्या ठिकाणी काम करतो. कोणी मोठ्या कंपन्यांत गेले, एक जण परदेशात आहे. भेटलो की आमचं बोलणं हटकून एकाच गोष्टीकडे येतं. आपल्या हाताखालचा माणूस चुकतो, समोरचा ग्राहक आपल्याला सोडून द्यायला तयार असतो, आणि अशा वेळी तोंडून आपोआप निघतं, ‘नाही साहेब, चूक आमची आहे.’ गेल्या वर्षी हे वाक्य मी स्वतः बोलले. जाईच्या हातून एका यंत्राला उलटा हुकूम गेला होता. बोलून झाल्यावर जाई माझ्याकडे बघत होती, तेव्हा मला कळलं की मी त्या दिवशी सरांकडे कशी बघत असेन.

साठीनिमित्त सत्काराला सर आधी तयार नव्हते. मंदाताईंनी दटावल्यावर झाले. डॉक्टरांनी त्यांना साखर जपायला आणि रोज चालायला सांगितलं आहे; दोन्हींपैकी चालणं तरी ते मनापासून करतात, कारण वाटेत कारखाने लागतात. त्यांनी साखरही जपावी, वेळेवर जेवावं, आणि आईंपेक्षा अधिक वर्षं ठणठणीत राहावं, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. हे निव्वळ त्यांच्यासाठी नाही, यात आमचाही स्वार्थ आहे. आमच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत, आणि त्या प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीत म्हात्रे सर बसलेले आम्हाला हवे आहेत.

— वैशाली कुडतरकर